सीईटीला ९९ पर्सेंटाइल, आणि आता एम-वन राहिलाय

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी पुण्यात इलेक्ट्रिकलच्या सेकंड इयरला आहे. गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. वडील झेडपीच्या शाळेत शिक्षक. दहावीला शाळेत पहिला आलो, अकरावी-बारावी लातूरला केली, आई दोन वर्षं तिथे खोली करून माझ्यासोबत राहिली. सीईटीला ९९.१ पर्सेंटाइल पडले, काकांनी चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लावला. फर्स्ट इयरला माझा एम-वन, म्हणजे मॅथ्सचा पहिला पेपर, राहिला आणि बाकीचे दोन विषय काठावर निघाले. घरी ऑल क्लिअर सांगितलंय. आधी सगळे मला डाउट विचारायचे, आता मला कोणाला विचारायची लाज वाटते. यावर्षी आमच्या बॅचला एक डिप्लोमावाला मुलगा आलाय, त्याला दहावीला ६२ टक्के होते, पण लॅबमध्ये सगळी कनेक्शन तोच करतो, सर त्याचंच कौतुक करतात. मला ते बघवत नाही, आणि बघवत नाही याचंही वाईट वाटतं. अभ्यासाला बसलो की अर्ध्या तासात मोबाईल हातात येतो. मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघितले की दोन दिवस बरं जातं, मग परत तेच. मी स्वतःला फार शहाणा समजत होतो त्याची ही शिक्षा आहे का? इंजिनिअरिंग सोडून एमपीएससी करू का? ताई, मला माझी जुनी मोटिव्हेशन परत हवीये.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना एम-वन, घरी सांगितलेलं खोटं, एमपीएससी हेच डोळ्यांसमोर आलं, पण दुसऱ्यांदा वाचताना मी त्या डिप्लोमावाल्या मुलाच्या वाक्याशी थांबले. "बघवत नाही, आणि बघवत नाही याचंही वाईट वाटतं." असं स्वतःबद्दल लिहायला धीर लागतो रे, भलीभली माणसं हे स्वतःशीसुद्धा कबूल करत नाहीत. मी बरीच वर्षं पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलच शिकवलंय त्यामुळे त्या मुलाची बाजूही मला चांगली माहितीये, त्यावर येतेच. आधी तुझ्या जुन्या मोटिव्हेशनबद्दल बोलूया कारण मला वाटतं गुंता तिथूनच सुरू होतो.

लातूरचा तुझा एक दिवस आठवून बघ. पहाटे उठवायला आई, उठलास की चहा हातात. आज कोणता चॅप्टर ते क्लासचं टाइमटेबल ठरवणार, चार दिवसांनी टेस्ट, टेस्टचा निकाल रँकसकट, आणि मार्क घसरले की घरी फोन. लातूर पॅटर्न ज्याला म्हणतात तो बराचसा हाच ना, भरपूर सराव, सारख्या परीक्षा आणि मुलावर सतत कोणाचं तरी लक्ष. मी त्याला अजिबात नावं ठेवत नाहीये, त्यामुळे किती घरांतला पहिला इंजिनिअर, पहिला डॉक्टर उभा राहिला ते मराठवाड्यात कोणीही सांगेल. आणि मेहनत तू केलीस, ती तुझीच आहे. पण कधी बसायचं, काय करायचं, किती झालं, आणि झालं ते पुरेसं आहे का, ही चारही कामं तुझ्यासाठी दुसरं कोणीतरी करत होतं. आता पुण्यात साठ-सत्तर मुलांचा वर्ग, सर युनिट संपवायच्या गडबडीत, तू लेक्चरला नाही गेलास तरी त्या दिवशी कोणाला पत्ता नाही, रात्री जेवलास की नाही हे विचारायला मेसमध्ये आई नाही. तुला वाटतंय तुझ्यातलं काहीतरी संपलं. मला वाटतं ती चार कामं पहिल्यांदाच तुझ्या अंगावर पडलीत आणि ती कशी करतात हे तुला कोणी शिकवलेलंच नाही, त्यामुळे जुनी परत मागून उपयोग नाही, ती आईची, क्लासची आणि तुझी मिळून होती. आता नव्याने, तुझ्या एकट्याची, तयार करायचीये.

यावर एक जुना प्रयोग आहे, मला तो नेहमी आठवतो. एडवर्ड डेसी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये कॉलेजच्या मुलांना सोमा नावाचं सात तुकड्यांचं ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं. काही मुलांना मध्ये एका दिवशी कोडं सुटलं की पैसे दिले आणि नंतर पैसे बंद केले. पैसे बंद झाल्यावर ती मुलं मोकळ्या वेळात कोड्याला आधीपेक्षा कमी हात लावायला लागली. ज्यांना कधी पैसे दिलेच नव्हते त्यांचं तसं झालं नाही. प्रयोग लहान होता, त्यावरून सगळं जग ठरवू नये. पण तुझ्या रँक लिस्टचा विचार कर, दोन वर्षं दर टेस्टनंतर तुला तुझा नंबर मिळत होता आणि पुण्यात आल्यावर तो मिळायचा बंद झाला. गणित तेच, पण ते सोडवल्याबद्दल जे मिळायचं ते गेलं. मोटिव्हेशनचे व्हिडिओ पण तेच करतात बघ, वीस मिनिटं कोणीतरी तुला तू वाघ आहेस म्हणतं, छान वाटतं, आणि एम-वनचं पुस्तक होतं तिथेच असतं. ते व्हिडिओ बंद कर असं मी म्हणत नाही, पण ते बघितलेला वेळ अभ्यासात धरू नकोस.

आता ते ९९.१. तुझा यावर फार जीव आहे आणि तो असणारच, पण ही संख्या नक्की काय सांगते ते एकदा शांतपणे बघ. समज परीक्षेला तीन लाख मुलं बसली. ९९.१ पर्सेंटाइल म्हणजे ढोबळमानाने सत्तावीसशे मुलं तुझ्या पुढे आणि बाकी सगळी तुझ्या बरोबर किंवा मागे. गावात ती मागची मुलं दिसत होती, कॉलेजला आलास तर वर्ग भरला होता तुझ्या आसपासच्याच मुलांनी, प्रत्येकजण आपापल्या गावचा पहिला, कोणाकोणाचा फ्लेक्स लागलेला. तू तिथे मधे आलास यात तुझं काही कमी झालं नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे पर्सेंटाइल तुझ्या मागे किती जण आहेत ते सांगतो, तुला गणित किती येतं ते तो सांगतच नाही. दोन वर्षं तू या दोन गोष्टी एकच समजत आलास, तू काय, आम्ही सगळेच समजतो. म्हणून मग कोणीतरी पुढे दिसलं की आपल्याला येणारं गणितच कमी झाल्यासारखं वाटतं.

परीक्षा पण बदलली, हे कोणी मुलांना नीट सांगत नाही आणि मला त्याचा राग येतो. सीईटीला मॅथ्सचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि उत्तर समोर छापलेलं. चारातलं एक बरोबर आहे ही खात्री असते, कधी पर्याय घालून बघायचा, कधी दोन खोडून टाकायचे. ते पण कौशल्यच आहे, तू ते छान कमावलंस. इथे बहुतेक मार्क स्टेप्सना आहेत आणि पान कोरं आहे. पार्शल डिफरन्सिएशन घे. बारावीपर्यंत वाय हा एक्सवर अवलंबून, इतकंच. इथे एकदम झेड हा एक्स आणि वाय दोघांवर अवलंबून, आणि एकाने डिफरन्शिएट करताना दुसरा स्थिर धरायचा. ही एक गोष्ट पहिल्या आठवड्यात डोक्यात बसली नाही की मग युलरचं थिअरम, जॅकोबियन, मॅक्सिमा-मिनिमा, सगळं हातातून सुटत जातं कारण ते सगळं तिच्यावरच उभं आहे. तुझं नक्की कुठे सुटलं मला माहीत नाही. मला वाटतं तुलाही माहीत नाही, पत्रात तू एम-वन राहिला एवढंच लिहिलंयस. पूर्ण विषय कोणाला न जमणं फार कमी वेळा होतं, बहुतेकांचं कुठेतरी एका ओळीत अडलेलं असतं.

ती ओळ शोधायची एक पद्धत सांगते. युनिव्हर्सिटीचा जुना पेपर घे, त्यातला एकच प्रश्न, नोट्स बंद, पुस्तक बंद, कोरं पान. जमेल तिथपर्यंत लिही. पेन थांबला की तिथे आडवी रेघ मार आणि बाजूला तारीख टाक. बस, पहिल्या दिवशी एवढंच. रेघ आली म्हणून वाईट वाटून घ्यायचं नाही, ती रेघ शोधायलाच तर बसलो होतो. मग पुस्तक उघडून रेघेच्या खालची एकच स्टेप बघायची, परत बंद, परत पुढे. तू सध्या करतोस ते मी न बघता सांगू शकते, सोडवलेलं उदाहरण वाचायचं, हो हो कळलं म्हणायचं आणि पान उलटायचं. वाचताना सगळं कळतंच रे. रोडिगर आणि कार्पिक या दोन संशोधकांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर याचाच प्रयोग केला, काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी वाचून तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे. आणि यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे आपल्याला छान लक्षात राहील याची खात्री परत परत वाचणाऱ्यांनाच जास्त होती. म्हणजे आपल्याला किती येतं याबद्दलची आपली जी आतली भावना असते ना तिच्यावर फार विसंबू नये, 'मला सगळं येतं' वाटतं तेव्हाही आणि 'मला काहीच येत नाही' वाटतं तेव्हाही. कोऱ्या पानाला विचारायचं.

तू विचारलंस ही शिक्षा आहे का. नाही रे बाळा. तुझ्या वयाच्या मुलाला सगळं गाव हुशार म्हणत होतं, त्याने ते खरं मानलं, यात गुन्हा काय आहे? मला त्या शिक्षेच्या भाषेचीच काळजी वाटते, कारण आपण स्वतःला शिक्षा देत बसलो की आपण खूप नम्र झालो असं वाटत राहतं आणि सरांच्या केबिनचं दार मात्र वाजवायचं राहून जातं. रात्री दोन वाजता पडल्यापडल्या मी किती मूर्ख होतो असा विचार करणं सोपं आहे. दुपारी दोन वाजता सरांसमोर वही धरून "सर, इथून पुढे येत नाहीये" म्हणणं अवघड आहे, कारण तिथे समोर माणूस असतो. मी नम्रता म्हणते ती या दुसऱ्या गोष्टीला.

माझं सांगते. मी बी.ई. फर्स्ट क्लास करून एका पॉलिटेक्निकला लेक्चरर लागले, वय बावीस. मशीन लॅबमध्ये पहिलंच प्रॅक्टिकल, ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट. फळ्यावर इक्विव्हॅलंट सर्किट काढलं, फॉर्म्युले लिहिले, सगळं व्यवस्थित. मग कनेक्शन करून सप्लाय दिला तर वॉटमीटरचा काटा शून्याच्या मागे. कुठलीतरी कॉइल उलटी जोडली गेली होती. एम, एल, सी, व्ही ही टर्मिनल मी पुस्तकात शंभर वेळा बघितली होती पण कॉलेजात असताना कनेक्शन कायम माझ्या पार्टनरने केलेलं, मी रीडिंग लिहून घ्यायचे. वीस पोरं बघतायत. मी म्हटलं मीटर खराब दिसतोय, पुढच्या आठवड्यात करू, आणि प्रॅक्टिकल सोडून दिलं. लॅबचे मामा बाजूलाच उभे होते, ते काही बोलले नाहीत. मीटर चांगला होता हे त्यांना माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. काटा उलटा गेला ते एका मिनिटाचं काम होतं, तार बदलली की झालं, मी ते मीटरवर ढकललं ते मला खात राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले आणि मामांना म्हटलं, मला पहिल्यापासून जोडून दाखवा. मामा सातवी शिकलेले. त्यांनी मला एकही टोमणा मारला नाही. सांगितलं, मॅडम, आधी करंटचा रस्ता बोटाने चालत जायचा, सप्लायपासून लोडपर्यंत, तो एकदा पुरा झाला की मग व्होल्टेजच्या तारा सगळ्यात शेवटी लावायच्या, आणि बटण दाबायच्या आधी डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र, शून्यावर आहे ना ते बघायचं. पुढे जितकी वर्षं शिकवलं तितकी वर्षं मी पोरांना हेच शिकवलं, बोटाने चालत जा. पुढच्या आठवड्यात वर्गात सांगितलं की मीटर चांगला होता, माझी कॉइल उलटी लागली होती, आणि एका कॉइलमधला करंट उलटला की काटा उलटा का ढकलला जातो तेही समजावलं. वर्गात कोणी हसलं नाही. उलट त्यानंतर पोरं मला त्यांचं चुकलेलं आणून दाखवायला लागली, जे आधी लपवायची.

म्हणून तुझ्या त्या डिप्लोमावाल्या मुलाकडे येते. तू त्याचे दहावीचे ६२ टक्के लिहिलेस. दहावीनंतरची त्याची तीन वर्षं लिहिली नाहीस. तू लातूरला टेस्ट सोडवत होतास तेव्हा हा पोरगा वर्कशॉपमध्ये फायलिंग करत होता, वायरिंगचे बोर्ड करत होता, प्रत्येक सेमला जर्नल आणि ओरल देत होता. तू ज्या लॅबमध्ये आत्ता पहिल्यांदा पाय ठेवलास तसल्या लॅबमध्ये तो तीन वर्षं काढून आलाय, मग कनेक्शन त्याला येणार नाही तर कोणाला येणार? आणि माझ्या अनुभवात या मुलांना डायरेक्ट सेकंड इयरला आल्यावर मॅथ्सची फार भीती असते, तुमचं फर्स्ट इयर त्यांनी केलेलं नसतं, वर्गात त्यांना डिप्लोमावाले म्हणूनच हाक मारली जाते, तेही बरीच मुलं रडत-रडत काढतात. तोही तुझ्याकडे बघून काहीतरी विचार करत असेलच.

त्याच्याकडून शिक. आणि इथे मी तुला एक अवघड अट घालणार आहे, लगेच "तू मला लॅब दाखव, मी तुला मॅथ्स दाखवतो" असं म्हणू नकोस. वाटेल हे तर चांगलंच आहे, फिट्टंफाट. पण तू तसं म्हणशील ते विचारताना खाली आल्यासारखं वाटू नये म्हणून, लगेच हिशोब बरोबरीचा करायला. पहिले काही आठवडे फक्त घे. त्याने दाखवलं की स्वतः जोड, चुकलं की त्याच्यासमोर चुकू दे, जमलं की थँक्स म्हण आणि चहा पाज. मॅथ्सचा विषय त्याने काढला तर तेव्हा मनापासून शिकव. विचारण्याने आपण लहान होत नाही हे मी कितीही सांगितलं तरी तुला पटणार नाही, ते एकदा परतफेड न करता विचारलं की हाताला कळतं.

सरांना विचारतानाही "सर, एम-वन समजत नाही" म्हणत गेलास तर ते बिचारे काय सांगणार, अभ्यास करा म्हणतील आणि तू हिरमुसून परत येशील. रेघ मारलेलं पान घेऊन जा. "सर, या तिसऱ्या ओळीपर्यंत आलंय, इथे वाय स्थिर का धरलाय?" असं विचारलेल्या मुलाला बसवून न सांगणारे शिक्षक मी फार कमी बघितले. एखादे भेटले तसे तर दुसऱ्या डिव्हिजनच्या सरांकडे जा, सीनिअरकडे जा. इंग्लिश अडत असेल तर मराठीत विचार, पुण्यातच आहेस.

कधी बसायचं हे सुद्धा आता तुलाच ठरवायचंय, तर ते रोज ठरवू नकोस, एकदाच ठरव. रूमवर अभ्यास होत नाही हे वर्षभर बघितलंस, मग रूम सोड. मेसमधून जेवून थेट रीडिंग हॉल, ठरलेली खुर्ची, मोबाईल रूमवर किंवा रूममेटकडे. इच्छा आहे का हे स्वतःला विचारायचंच नाही, आई उठवायची तेव्हा तरी कुठे कोणी तुला इच्छा विचारली होती? बसायचं, एक प्रश्न, एक रेघ. बहुतेक वेळा पेन दहा-पंधरा मिनिटं चालला की मग उठावंसं वाटत नाही, तू ज्याची वाट बघत बसतोस ती मोटिव्हेशन अशी मागून येते, आणि ज्या दिवशी नाही येत त्या दिवशी एक रेघ मारून उठ आणि झोप. महिन्याभराने त्या तारखा टाकलेल्या रेघा सलग उलटून बघ, रेघ पानावर खाली खाली सरकताना दिसेल. तुझा रँक सांगायला आता कोणी नाही, पण हे तुला तुझ्याच वहीत दिसेल आणि त्यात दुसऱ्या कोणाचं नाव नसेल.

एमपीएससीचं. तुला प्रशासनात खरंच जायचं असेल तर त्यात वाईट काहीच नाही, माझे दोन विद्यार्थी आज चांगल्या पोस्टवर आहेत. पण पत्रात त्या कामाबद्दल एक ओळ नाही, फक्त इथून सुटायचंय असं दिसतं. राज्यसेवेला डिग्री लागतेच, त्यामुळे इंजिनिअरिंग सोडलंस तरी कुठलीतरी डिग्री करावीच लागणार. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीये, म्हणजे तिथेही कोरं पानच. आणि सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत एकदा संध्याकाळी जाऊन ये, वर्षानुवर्षं मुलं बसलीत, तिथे पण कोणी उठवायला येत नाही आणि रिझल्ट यायला काळ जातो. तुझी आत्ताची अडचण तू तिकडे बरोबर घेऊन जाशील. एम-वन काढ, मग हाच प्रश्न थर्ड इयरला स्वतःला परत विचार, तेव्हा जे उत्तर येईल त्यावर मी विश्वास ठेवीन.

घरी सांगण्याबद्दल मी बराच विचार केला. एक मार्ग असा की विषय निघेपर्यंत गप्प राहायचं आणि निघाल्यावर सांगायचं, किंवा सांगायचंच नाही. बरीच मुलं हे करतात, घरी कोणाची तब्येत नाजूक असेल तर मी पण थोडं थांब म्हणेन. पण तुझ्या घरी तसं काही दिसत नाही, आणि गप्प राहिलास तर परीक्षेला तू एक पेपर आणि एक गुपित अशी दोन ओझी घेऊन बसशील, आणि पेपर नाही निघाला तर दुसरं खोटं बोलावं लागेल. शिवाय वडील शिक्षक आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांची नापास मुलं त्यांनी बघितलीत, तुला वाटतं तितकं ते मोडून पडणार नाहीत. त्यांना बहुतेक विषय राहिल्यापेक्षा आपल्याला सांगितलं नाही याचं जास्त लागेल.

दिवाळीला जाशील तेव्हा सांग, फोनवर नको, मेसेज तर नकोच. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पण नको, घरात पाहुणे असतात. निघायच्या एक-दोन दिवस आधी, वडील एकटे असताना, शेताकडे किंवा गाडीवर कुठे जाताना. वाक्य साधं ठेव: "पप्पा, फर्स्ट इयरला माझा मॅथ्स राहिलाय, मी तुम्हाला खोटं सांगितलं, डिसेंबरमध्ये परत पेपर आहे, अभ्यास कसा चाललाय ते दाखवतो." आणि ती रेघांची वही खरंच दाखव. ते चिडले तर चिडू दे, मध्ये सफाई देऊ नकोस. आईला त्यांच्यानंतर त्याच दिवशी सांग, तिने दोन वर्षं तुझ्यासाठी घर सोडलं होतं, तिला दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको. काकांना आणि गावाला सांगायची काही गरज नाही. तो फ्लेक्स लावला तेव्हा त्यांना आनंद झाला होता, तो खरा होता, तू त्यांचं काही देणं लागत नाहीस.

हे वाचणाऱ्या आई-वडिलांनाही एक सांगते, मूल पहिल्या वर्षी घरी फोनवर फार कमी बोलायला लागलं तर मार्क विचारायच्या आधी जेवण आणि झोप विचारा. आणि तू, किंवा तुझ्यासारखं कोणीही, झोप सलग उडाली असेल, जेवण जात नसेल, किंवा आपण नसतो तर बरं झालं असतं असे विचार येत असतील तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही, तेव्हा वही बाजूला ठेवून त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगायचं, कॉलेजमध्ये काउन्सिलर असतील त्यांना भेटायचं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. तुझ्या पत्रात मला तसं दिसलं नाही पण पत्रात सगळं दिसतं असं नाही, म्हणून लिहिलं.

पुढचं लॅब कधी आहे मला माहीत नाही. ज्या दिवशी असेल त्या दिवशी रीडिंग लिहायची वही दुसऱ्या कोणाला दे आणि त्या मुलाच्या शेजारी जाऊन उभा राहा. त्याचं नाव तू पत्रात लिहिलं नाहीस, सगळीकडे डिप्लोमावाला म्हटलंयस, तर आधी नावाने हाक मार, आणि म्हण की आज मी जोडतो, तू बघ आणि चुकलं की सांग. एम-वनचा रिझल्ट लागला की मला कळव, निघाला तरी आणि नाही निघाला तरी.